फोटो सारखे सॉफ्ट येतायत? लेन्स विकायला काढायच्या आधी हे करून बघा

डीएसएलआर किंवा मिररलेस घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार कधी ना कधी येतेच, की फोटो शार्प येत नाहीत, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर एकदम झकास दिसतात आणि घरी येऊन लॅपटॉपवर उघडले की सगळं धूसर, वर बायको म्हणते माझ्या मोबाईलवर यापेक्षा चांगला आलाय. मग सल्ले सुरू होतात. किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येणारी) आहे ना, मग असंच येणार, ५० एमएम घे. तो बिचारा ५० एमएम घेतो, आता घेतलीच आहे म्हणून सगळं एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं भोक पूर्ण उघडून, काढतो आणि पहिल्यापेक्षा जास्त फोटो वाया जायला लागतात. तिथून पुढे बॉडीवर संशय, मग कंपनीवर, मग सगळा सेट विकायला.

यात गडबड अशी होते की आपण सगळ्याच खराब फोटोंना 'ब्लर' म्हणून मोकळे होतो. हात हलला, समोरचा हलला, फोकस भलतीकडे बसला, काचेवर बुरशी आली, वाढलेल्या आयएसओने (कमी उजेडात कॅमेरा प्रकाश किती वाढवून घेतो तो आकडा) चेहरा गुळगुळीत केला, ही सगळी वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी, काही तर एकमेकांच्या उलटी. आणि कुठलं दुखणं आहे ते फोटोच सांगतो, फक्त तो नीट उघडून बघायला लागतो.

आधी एक खराब फोटो उघडा

व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला नाही, कार्डातला ओरिजिनल. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं आणि वर कॉम्प्रेसही करतं, त्यामुळे त्यावरून काहीच ठरवू नका (कुणाला दाखवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा). तो १०० टक्के झूमवर बघा, २०० वर नको, २०० वर जगातली कुठलीही लेन्स रडकीच दिसते. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० बाय ४००० असतो आणि साध्या फुल एचडी लॅपटॉपवर १०० टक्क्याला त्याचा जेमतेम बारावा हिस्सा दिसतो, म्हणजे तुम्ही जवळजवळ भिंगातून बघताय. तिथे जराशी मऊ कड दिसली तर ती चालते, प्रिंटमध्ये ती कुणाला दिसणारही नाही.

आता एकच प्रश्न विचारायचा, या फोटोत कुठेही, काहीही शार्प आहे का? चेहरा सोडा, मागचा पडदा, खुर्चीचा हात, शेजारच्या काकूंच्या साडीचा काठ, काहीही. काहीतरी कडक शार्प आहे पण ते आपल्याला हवं ते नाही, म्हणजे फोकस चुकला. मागचं सगळं स्थिर शार्प आहे आणि फक्त माणूस पुसल्यासारखा झालाय, म्हणजे माणूस हलला. काहीच शार्प नाही आणि लायटिंगच्या माळेतले ठिपके, डोळ्यातली चमक, दागिन्याची चमक हे सगळं एकाच दिशेला छोट्या रेघेसारखं ओढलं गेलंय, म्हणजे कॅमेरा हलला. रेघा नाहीत पण सगळ्यावर दुधासारखा पातळ पडदा आहे, काळा रंग राखाडी झालाय, तर काच किंवा हवा बघा. आणि कडा ठीक आहेत पण केस आणि गवत रंग कालवल्यासारखं झालंय, तर आयएसओ.

यानंतर कॅमेऱ्यावर त्याच फोटोची माहिती उघडा आणि चार आकडे बघा: शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं), अपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं), आयएसओ आणि फोकल लेंथ (झूम किती, एमएममध्ये). बहुतेक वेळा शटर स्पीड वाचूनच उत्तर मिळतं, खाली वाचायची गरजही पडत नाही.

शटर स्पीड

हाताने फोटो काढताना जुना नियम आहे की शटर फोकल लेंथच्या उलट तरी हवा, म्हणजे ५० एमएमला १/५०. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या कॅमेऱ्यात क्रॉप सेन्सर (फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान) असतो, निकॉन आणि सोनीत १.५ पट, कॅननमध्ये १.६ पट, तो गुणाकार आधी करायचा. कॅननवर ५५-२५० लेन्स पूर्ण झूम केली तर २५० गुणिले १.६ म्हणजे ४००, शटर किमान १/४००. निकॉनच्या ७०-३०० ला ३०० वर १/५०० धरा. आणि हा नियम फिल्मच्या काळातला, पोस्टकार्ड साइझच्या प्रिंटसाठी ठीक होता, आज २४ मेगापिक्सेल १०० टक्क्यावर बघणाऱ्याने त्याच्याही दुप्पट ठेवला तर बरं.

इथे सगळे म्हणतात, पण लेन्समध्ये व्हीआर आहे ना, आयएस आहे ना, हादरा कमी करणारं. आहे, आणि ते खरंच काम करतं, पण ते फक्त तुमचा हात सांभाळतं. समोरच्या माणसाला ते धरून ठेवू शकत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये पिवळ्या लाइटात किट लेन्स ५५ वर, अपर्चर एफ ५.६ च्या वर उघडत नाही, कॅमेरा ऑटोवर आणि त्याने शटर दिला १/५०. व्हीआरमुळे मागचा मंडप, खांब, झेंडूच्या माळा सगळं शार्प, आणि हळद लावणाऱ्या करवल्या भुतासारख्या. मग घरी येऊन माणूस म्हणतो लेन्स सॉफ्ट आहे. अरे बाबा, झेंडूची पाकळी न् पाकळी मोजता येतेय, लेन्स कशी सॉफ्ट असेल!

अंदाजासाठी सांगतो. पोझ देऊन उभे असलेले लोक १/१२५, बोलत हसत हालचाल करणारे १/२५०, पळणारी पोरं १/५००, उडणारा पक्षी १/१६०० ते १/२०००. ढोल पथकाचं थोडं वेगळं आहे, तिथे १/१००० ला टिपरू हवेत गोठतं आणि फोटो कधीकधी मेल्यासारखा वाटतो, १/२५० ला वादकाचा चेहरा स्थिर राहिला तर टिपरू पुसट आणि चेहरा शार्प असा जिवंत फोटो येतो. पण तो मुद्दाम काढलेला ब्लर, आपण आत्ता नकोशा ब्लरबद्दल बोलतोय.

उपाय काय, तर ऑटो मोड सोडा. शटर प्रायॉरिटीला टाका, म्हणजे शटर तुम्ही ठरवायचा, आयएसओ ऑटो ठेवा आणि त्याची वरची मर्यादा ३२०० किंवा ६४०० करा. लोकांना आयएसओ वाढवायची फार भीती वाटते, ८०० च्या वर गेलं की जीव खाली-वर. ग्रेन (आयएसओ वाढवल्यावर येणारे बारीक ठिपके) नंतर सॉफ्टवेअरमध्ये बऱ्यापैकी कमी करता येतो, लहान प्रिंटमध्ये तर दिसतही नाही, पण हललेला फोटो दुरुस्त करायला गेलात तर जास्तच विचित्र दिसतो. आयएसओ ३२०० चा शार्प फोटो आणि आयएसओ ४०० चा हललेला फोटो यात मी डोळे मिटून पहिला घेईन.

बाकी हाताची सवय. कोपर अंगाला चिकटवा, डावा हात लेन्सच्या खालून, बटण अर्धं दाबून फोकस होऊ द्या आणि मग उरलेलं हळू दाबा, ठोसा मारू नका. तीन फोटोंचा बर्स्ट काढला तर पहिल्यापेक्षा दुसरा बऱ्याचदा बरा निघतो कारण बटण दाबतानाचा धक्का पहिल्यात जातो. झूम लावून लाइव्ह व्ह्यूमध्ये (डोळा न लावता मागच्या स्क्रीनवर बघून) हात लांब करून मोबाईलसारखा फोटो काढणं मात्र बंद करा, त्या पोझमध्ये कॅमेरा स्थिर राहणं अवघड असतं.

ट्रायपॉडवरसुद्धा सॉफ्ट येतो अशीही तक्रार असते. तिथे व्हीआर बंद करा, काही लेन्स ट्रायपॉडवर उगाच नसलेला धक्का शोधत बसतात आणि स्वतःच हलतात. बटण हाताने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावा, मधला दांडा वर काढू नका, आणि लाकडी स्टेजवर ट्रायपॉड लावला असेल तर कुणी चाललं की तो हलणारच. ताडोबात जिप्सीचं तेच. इंजिन चालू असेल तर गज धरून कितीही श्वास रोखा, ३०० एमएमला ती थरथर फोटोत येतेच. ड्रायव्हरला म्हणायचं, "दादा, गाडी बंद करा ना जरा", ते लगेच करतात, आणि गजावर टेकायला बीन बॅग न्या, रिकामी नेऊन तिथे तांदूळ भरले तरी चालतं. शेजारच्याला वाघ दिसल्यावर उड्या मारू नको हे सांगणं मात्र अवघड आहे.

फोकस भलतीकडे

माझ्या मामेभावाचा लग्नाच्या सिझनमध्ये फोन आला. "दादा, ५० एमएम खराब निघाली रे, एक फोटो धड नाही, पैसे पाण्यात." म्हटलं ओरिजिनल फाइल पाठव. नवऱ्या मुलीचा क्लोजअप होता, एफ १.८, शटर १/३२०, म्हणजे हलायचा प्रश्नच नाही. डोळे धूसर. पण १०० टक्क्यावर बघितलं तर मुंडावळ्यांचा एक एक मोती असा कडक शार्प, की त्यातलं बारीक भोक आणि आतला दोरासुद्धा दिसत होता. लेन्स एकदम उत्तम होती! कॅमेऱ्याला सगळे फोकस पॉइंट खुले दिले होते आणि अशा वेळी तो सहसा सगळ्यात जवळची, ठळक कडा असलेली वस्तू पकडतो. डोळ्यांपुढे चार-पाच सेंटिमीटरवर लोंबणाऱ्या मोत्यांच्या माळा, त्याने त्या पकडल्या, त्याचं काय चुकलं.

आता बाकीचं गणित बघा. क्रॉप कॅमेऱ्यावर ५० एमएम, एफ १.८, दीड मीटरवरून फोटो काढला तर शार्प राहणारा पट्टा सगळा मिळून साधारण सहा सेंटिमीटर असतो, म्हणजे मागे पुढे तीन तीन. एक मीटरवर गेलात तर तो तीन सेंटिमीटरच्याही आत येतो. यात नथ शार्प आणि डोळा सॉफ्ट, जवळचा डोळा शार्प आणि लांबचा सॉफ्ट असं होणारच, त्यात ती जराशी पुढे वाकली किंवा तुम्ही श्वास घेताना डोललात तरी खेळ खलास. एफ ४ केलं तर दीड मीटरवर तोच पट्टा तेरा-चौदा सेंटिमीटर होतो, चेहरा आरामात मावतो आणि मागचं तरीही छान धूसर राहतं. नवरा-नवरी दोघं शेजारी असतील तर एफ ४, मागे अजून दोन ओळी नातेवाईक असतील तर एफ ८. एफ १.८ लेन्सवर लिहिलंय म्हणून ते सतत वापरलंच पाहिजे असं काही नाही.

सेटिंग म्हणून करायचं काय, तर ऑटो एरिया बंद आणि एकच पॉइंट, तो स्वतः डोळ्यावर ठेवायचा. एन्ट्री लेव्हल डीएसएलआरमध्ये पॉइंट मोजकेच असतात, कॅनन १३००डी ला ९, निकॉन डी३५०० ला ११, आणि दोन्हीत मधला एकच क्रॉस टाइप आहे. क्रॉस टाइपला उभ्या आडव्या दोन्ही रेघा कळतात, बाकीच्यांना एकाच दिशेच्या, त्यामुळे कमी लाइटात कडेचे पॉइंट चाचपडत बसतात आणि कधीकधी चुकीच्या जागी 'झालं' म्हणून बीप देतात. हॉलमध्ये मधलाच पॉइंट वापरा. पण मधल्या पॉइंटने डोळा पकडून मग फ्रेम वळवायची सवय असेल तर एफ १.८ ला ती महागात जाते, कॅमेरा वळवताना फोकसची पातळीही वळते आणि जवळून काढताना तेवढा फरक पुरतो. तिथे जरा मोकळी फ्रेम घेऊन नंतर क्रॉप करणं सोपं. मिररलेस असेल आणि त्यात आय-एएफ (डोळा ओळखून फोकस करणारी सोय) असेल तर ते लावा, यातला निम्मा त्रास गेला, तरी मुंडावळ्या, बाशिंग, घुंघट यापुढे तेही अधूनमधून गोंधळतं.

फोकसचा मोडही बघा. वन शॉट किंवा एएफ-एस मध्ये अर्धं बटण दाबलं की फोकस लॉक, त्यानंतर समोरचा एक पाऊल पुढे आला तरी कॅमेऱ्याला पत्ता नसतो. सप्तपदी, मुलांची धावपळ, पक्षी, यांना एआय सर्व्हो किंवा एएफ-सी, म्हणजे सतत फोकस करत राहणारा मोड. अंतरपाट निघाला की अक्षतांचा पाऊस पडतो तेव्हा मात्र सततचा फोकस समोरून उडणाऱ्या तांदळाच्या दाण्याकडे उडी मारू शकतो, त्या दोन मिनिटांपुरतं आधीच चेहऱ्यावर फोकस करून लेन्स मॅन्युअलला टाकलेली बरी. फक्त नंतर परत ऑटोला आणा, नाहीतर जेवणाच्या पंगतीचे सगळे फोटो गेले! एएफ-एमएफचं बटण बॅगेत घासून आपोआप सरकणं हेसुद्धा फार कॉमन आहे. निकॉनच्या नव्या एएफ-पी १८-५५ वर तर ते बटणच नाही, सेटिंग मेनूत असतं, त्यामुळे लोक लेन्सवर शोधत राहतात.

काही छोट्या गोष्टी पटकन सांगतो. प्रत्येक लेन्सला एक किमान अंतर असतं, त्याच्या आत ती फोकस करूच शकत नाही. १८-५५ साधारण २५ सेंटिमीटर, कॅनन ५० एमएम एसटीएम ३५, निकॉनची ५० एमएम १.८जी ४५, आणि कॅनन ५५-२५० एसटीएम ८५. हे अंतर लेन्सच्या टोकापासून नाही, सेन्सरपासून मोजतात. कासला झूम लेन्स घेऊन फुलाला नाक लावणाऱ्यांनी हे आधी बघावं (आणि फुलं तुडवू नयेत, पण तो वेगळा विषय झाला). तिथे वाऱ्यावर फुलं सतत डोलतात, त्यामुळे शटरसुद्धा १/५०० च्या खाली नको. दुसरं म्हणजे व्ह्यूफाइंडरमधलंच दृश्य धूसर दिसत असेल पण फोटो ठीक असेल तर शेजारचं डायॉप्टरचं छोटं चाक फिरलंय, आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत ते फिरवा, फोटोवर त्याचा काही परिणाम होत नाही.

लेन्स खरंच खराब आहे का ते बघायची टेस्ट

इतकं करूनही शंका असेल तर अर्धा तास काढून ही टेस्ट करा, मग वाद संपला. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, तिथी-नक्षत्राची बारीक छपाई असलेलं, यापेक्षा चांगला फुकटचा टेस्ट चार्ट घरात दुसरा नसतो. सकाळच्या उजेडात कॅमेरा टेबलावर पुस्तकांच्या थप्पीवर किंवा ट्रायपॉडवर ठेवा, दीड-दोन मीटर अंतर, भिंतीला अगदी समांतर, आयएसओ १००, व्हीआर बंद, दोन सेकंदांचा टायमर. लेन्सवर यूव्ही फिल्टर (पुढे लावलेली जादा काच) असेल तर काढा. आधी एफ ८ वर, मग अपर्चर पूर्ण उघडून. प्रत्येक वेळी काही फोटो डोळा लावून व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून आणि काही लाइव्ह व्ह्यू चालू करून, आणि दोन फोटोंच्या मध्ये फोकस मुद्दाम बिघडवा म्हणजे कॅमेऱ्याला नव्याने फोकस करावा लागेल.

आता मधली छपाई बघा. दोन्हीकडून कडक आली तर लेन्स ठीक, बॉडी ठीक, परत वरचे दोन भाग वाचा. लाइव्ह व्ह्यूत कडक आणि व्ह्यूफाइंडरमधून सॉफ्ट आली, तर फ्रंट किंवा बॅक फोकस आहे, म्हणजे फोकस हव्या त्या जागेच्या जरा पुढे किंवा मागे बसतोय. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरचा फोकस वेगळा सेन्सर करतो, लाइव्ह व्ह्यूत मुख्य सेन्सरवरूनच होतो, त्यामुळे पहिल्याचं माप जरा जरी सरकलं तरी नेमका हाच फरक पडतो. मिररलेसला हा वेगळा फोकस सेन्सरच नसतो, त्यामुळे हा घोळही नाही. आणि दोन्हीकडून, एफ ८ लाही सॉफ्टच आली, तर मात्र लेन्सवर संशय घ्यायला आता तुम्हाला हक्क आहे.

फोकस पुढे जातोय की मागे ते बघायला स्टीलची पट्टी तिरकी ठेवतात. पण सरळ पट्टीवर फोकस करू नका. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या चौकटीपेक्षा खरा फोकस सेन्सर मोठा असतो, तो तिरक्या पट्टीवरचा कुठला आकडा पकडेल सांगता येत नाही आणि मग माणूस नसलेला दोष शोधून काढतो. काडेपेटी कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी करा, तिच्या छापील बाजूवर फोकस करा आणि शेजारच्या तिरक्या पट्टीवर कुठले आकडे शार्प आहेत ते वाचा. काडेपेटीच्या पुढचे असतील तर फ्रंट फोकस, मागचे असतील तर बॅक. निकॉन डी७२००, कॅनन ८०डी अशा बॉडीत हे मेनूतून लेन्सप्रमाणे सुधारता येतं. डी३५०० किंवा १३००डी मध्ये ती सोय नाही, तिथे सर्व्हिस सेंटर किंवा लाइव्ह व्ह्यू.

कोपरेसुद्धा बघा. चारही कोपरे मधल्यापेक्षा थोडे सॉफ्ट असणं नॉर्मल आहे, विशेषतः अपर्चर उघडं असताना. पण डावे दोन कडक आणि उजवे दोन पुसट, असं एफ ८ लाही दिसत असेल आणि कॅमेरा भिंतीला समांतर होता याची खात्री असेल, तर आतली एखादी काच बसण्यातून हललीये. पडलेल्या लेन्समध्ये हे हमखास दिसतं, विकणारा ते सांगत नाही, म्हणून सेकंड हँड लेन्स घेताना ही टेस्ट तिथेच करावी.

अपर्चरचं दुसरं टोकही लक्षात ठेवा. लँडस्केप आहे म्हणून एफ २२ करणारे बरेच असतात, सगळं शार्प येईल म्हणून. होतं उलटं. अपर्चर फार बारीक केलं की प्रकाश कडांवरून पसरतो आणि एका बिंदूचा ठिपका होतो. एफ ८ ला तो साधारण ११ मायक्रॉनचा असतो, एफ २२ ला ३० च्या आसपास, आणि २४ मेगापिक्सेल क्रॉप सेन्सरचा एक पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा. म्हणजे एक बिंदू सात-आठ पिक्सेल खाऊन बसतो. एफ ८ ते एफ ११ मध्ये राहा.

पावसाळ्यानंतर अचानक सुरू झालंय?

गणपतीत कॅमेरा बाहेर काढला आणि मे महिन्यात चांगले येणारे फोटो आता मळकट येतायत, तर शटर-फोकसच्या मागे लागू नका, काच बघा. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इकडे चार महिने हवा दमट, आणि आपण कॅमेरा बॅगेत घालून लोखंडी कपाटात ठेवलेला असतो, बुरशीला आणखी काय हवं. अंधाऱ्या खोलीत लेन्स काढून अपर्चर उघडं ठेवून एका बाजूने मोबाईलचा टॉर्च तिरका मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे, फांद्या फुटलेल्या नक्षीसारखं काही दिसलं तर बुरशी. धुकं दिसलं तर आतल्या काचेवर थर बसलाय. दोन-चार धुळीचे कण दिसले तर काही नाही, धूळ प्रत्येक लेन्समध्ये असते आणि फोटोवर तिचा परिणाम होत नाही, घाबरू नका.

सुरुवातीची थोडी बुरशी शार्पनेस फार कमी करत नाही, आधी कॉन्ट्रास्ट जातो, लाइट समोर असला की सगळा फोटो फिका पडतो. वाढू दिली तर काचेचं कोटिंग खाते आणि ते परत येत नाही.

ठेवायची पद्धत सोपी आहे. हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की ते ओलं झालं, तापवून पुन्हा वापरता येतं. तांदळात ठेवायचा उपाय कृपा करून करू नका, पिठूळ धूळ झूमच्या फटींमधून आत जाते. आणि डांबर गोळ्या अजिबात नको, कपाटात साड्यांसाठी टाकलेल्या असतात तिथेच कॅमेरा असतो. निकॉनच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की डांबर गोळ्या किंवा कापराच्या गोळ्यांजवळ आणि ६० टक्क्यांवर आर्द्रता असेल तिथे कॅमेरा ठेवू नका, आणि महिन्यातून एकदा तरी बाहेर काढा. कॅमेरा वापरत राहणं हा खरं तर सगळ्यात स्वस्त उपाय.

त्याच धर्तीची दुसरी गोष्ट म्हणजे एसी. एसी गाडीतून किंवा हॉटेलच्या थंड खोलीतून गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर उतरलात आणि लगेच कॅमेरा काढलात तर थंड काचेवर बाहेरची वाफ जमते आणि सगळे फोटो बाथरूममधून काढल्यासारखे येतात. पुसून उपयोग नाही, परत जमते. खोलीतच कॅमेरा झिप लॉक पिशवीत बंद करा, बाहेर आल्यावर वीस-तीस मिनिटं तशीच राहू द्या, मग उघडा. त्या वेळात लेन्सही बदलू नका, नाहीतर तीच वाफ सेन्सरवर.

पुढच्या काचेवरचा बोटाचा ठसा, आणि स्वस्तातला यूव्ही फिल्टर, हे दोन जुने गुन्हेगार. फिल्टर काढून एक फोटो, लावून एक फोटो, लगेच कळतं. पुसताना आधी ब्लोअर, मग ब्रश, मग मायक्रोफायबर. शर्टच्या टोकाने नाही.

आणि हवा. भिगवणला उजनीच्या बॅकवॉटरवर हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला लोक मोठ्या लेन्स घेऊन जातात, पण होडीत बसेपर्यंत अकरा वाजलेले असतात आणि तोवर ऊन चढून पाण्यावरून गरम हवा लाटांसारखी हलायला लागलेली असते. शटर १/२०००, फोकस बरोबर, तरी दीडशे मीटरवरचे पक्षी वितळल्यासारखे, आणि दोन लागोपाठच्या फोटोंत त्यांच्या मानेचा आकार वेगळा. याला कुठलंही सेटिंग नाही, कितीही महागाची लेन्स नाही. पहाटे जा, आणि होडीवाल्या काकांना अंतर राखून जेवढं जवळ नेता येईल तेवढं न्यायला सांगा.

सगळं ठीक असूनही मोबाईलपेक्षा सॉफ्ट

मोबाईल स्वतःच भरपूर शार्पनिंग करून फोटो देतो आणि त्याचा सेन्सर इवलासा असल्यामुळे जवळजवळ सगळंच फोकसमध्ये असतं. कॅमेऱ्यातली रॉ फाइल (प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) तर शार्पनिंग न केलेलीच असते, ती सॉफ्ट दिसणारच, सॉफ्टवेअरमध्ये शार्पनिंग तुम्ही करायचं. जेपेग काढत असाल तर पिक्चर कंट्रोल किंवा पिक्चर स्टाइलमध्ये शार्पनेस एक-दोन घर वाढवा आणि हाय आयएसओ नॉइज रिडक्शन लो करा, चेहऱ्यांचं मेण होणं त्याने बरंच थांबतं. इमेज साइझ चुकून स्मॉल आणि क्वालिटी बेसिक झालेली नाही ना, तेही बघा, घरातल्या लहान मुलांनी मेनूत फिरून आल्यावर असं होतं. कॉम्पॅक्ट कॅमेरा असेल तर डिजिटल झूम बंद करून टाका, तो फक्त क्रॉप करून फुगवतो.

सर्व्हिस सेंटरला जायचीच वेळ आली तर नुसती लेन्स देऊ नका, बॉडी आणि लेन्स दोन्ही न्या, कारण फोकसचा दोष जोडीचा असतो, आणि कॅलेंडरचे टेस्ट फोटो कार्डात तसेच ठेवा, व्ह्यूफाइंडरचे आणि लाइव्ह व्ह्यूचे दोन्ही. काउंटरवर 'फोटो ब्लर येतो' एवढंच सांगितलं तर ते लेन्स पुसून परत देतात, 'एफ १.८ ला व्ह्यूफाइंडरमधून फोकस मागे जातो, लाइव्ह व्ह्यूत बरोबर येतो' असं लिहून दिलं तर नेमकं तेच तपासावं लागतं. बुरशी असेल तर आधी एस्टिमेट मागा. ५० एमएम किंवा ७०-३०० साठी विचार करा, पण १८-५५ किट लेन्स उघडून साफ करायचा खर्च आणि तीच लेन्स सेकंड हँड घ्यायचा खर्च बऱ्याचदा सारखाच पडतो, आणि घ्यायची ठरवलीत तर जाताना मोबाईलचा टॉर्च चार्ज असू द्या.